मागावर सूत असेपर्यंत

कठिन चीवरदानाच्या आदल्या दुपारपासून तारेंगछडी गावातले पुरुष विहाराच्या मागघराकडे फिरकत नसत. भीती भुताखेतांची नव्हती, बायकांची होती. दुपारी तीनला भंतेंकडून अष्टशील घेऊन बायका मागघरात शिरायच्या. दुसऱ्या दिवशी तीनच्या आत कापसाची सरकी काढण्यापासून शेवटचा टाका घालण्यापर्यंत सगळं उरकून चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, भंतेंच्या हातात द्यायचं. तेवढे चोवीस तास मागघरात खोटं बोलायला बंदी. एरवीही शील असतंच म्हणा, पण एरवी कोण एवढं मनावर घेतं? या दिवसाची गोष्ट वेगळी. मागावर सूत असताना कोणी खोटं बोललं तर चीवर बाटतं, आणि ज्या मेलेल्या माणसाच्या नावानं ते विणलं त्याला त्यातलं काही पोचत नाही, अशी गावाची पक्की समजूत होती.

आता एवढी सोय हाताशी असल्यावर बायका सोडतात होय? एकमेकींना नेमकं नको ते विचारायच्या. मागच्या खेपेला फुलरानीला कोणीतरी विचारलं, सासऱ्याच्या सात कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या की तू विकल्यास? फुलरानी म्हणाली, "दोन कोल्ह्यानं, पाच मी." सासरा अजून तिच्याशी बोलत नाही. गप्प बसायची मुभा होती, पण जी गप्प बसली तिनं कबूल केलं असंच सगळ्या धरून चालायच्या.

ज्ञानबालाला मात्र कोणी काही विचारत नसे. सतरा वर्षं ती मागघराची मुख्य होती. कोणी कातायचं, कोणी रंगाच्या हंड्यापाशी धुरात बसायचं, कोणी मागाला बसून मिरवायचं, हे तीच ठरवायची. तिला नको ते विचारून रात्रभर चुलीपाशी डोळे कोण जाळून घेणार? साठी उलटलेली, बारीक चणीची, पाठीत ताठ बाई; गावात म्हाताऱ्या बायकांना म्हणत तसं तिलाही सगळे नानू, म्हणजे आजी, म्हणत. सूत बोटात धरलं की डोळे मिटून त्यातली गाठ सांगायची, आणि माणसातली गाठ तर त्याहून लवकर.

गेल्या वर्षी ती मागघरात आली नव्हती. चीवरदानाला आठ दिवस असताना तिचा एकुलता मुलगा रूपधन तळ्यात बुडाला. धरणाचं तळं, त्याच्या पोटात जुनं गाव, जुनी शेतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर रूपधनचं घर, अलीकडे आईचं. सकाळी त्याची होडी रिकामी सापडली आणि दुपारी कोळ्यांच्या जाळ्यात तो. संध्याकाळ झाली की तो प्यायलेला असायचा, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. त्याची लाल बॅटरी, जिच्यावाचून तो अंधारात पाऊल टाकत नसे, ती काही सापडली नाही. तळ्यानं गिळली असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

यंदाचं चीवर त्याच्या नावानं होतं. कुणाच्या मृताचं नाव घ्यायचं हे गावचे प्रमुख, कारबारी, आणि विहाराची मंडळी ठरवत. त्यांच्या पायऱ्या ज्ञानबालानं वर्षभर झिजवल्या होत्या. बाकी कशाचीच तिला आस राहिली नव्हती. मुलगा दारूत आणि पाण्यात गेला, पुढच्या जन्मी कुठे जाऊन पडला असेल या विचारानं तिला घास गिळवत नसे. हे एक चीवर नीट पार पडलं, त्याचं पुण्य त्याला पोचलं, की आपण मोकळ्या, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि आणखी एक गोष्ट तिनं मनाशी धरली होती. ती म्हणजे सून.

रंजुनीला तिनं स्वतः निरोप धाडला. "नवऱ्याच्या नावाचं चीवर आहे, हात लावायला ये." बायकांना वाटलं, म्हातारी पाघळली. वर्षभर ती प्रत्येक घाटावर, प्रत्येक ओसरीवर सांगत होती, की त्या संध्याकाळी रंजुनी त्याला काहीतरी बोलली, म्हणून तो घराबाहेर पडला. काय बोललीस, म्हणून तिनं दहादा विचारलं. रंजुनी दहादा गप्प बसली. पण मागघरात, शील घेतल्यावर, गावातल्या तीस बायकांसमोर, कशी गप्प बसते ते बघू, असा ज्ञानबालाचा हिशेब होता. चीवरासाठी जेवढी तिनं वाट पाहिली होती, तेवढीच या प्रश्नासाठी.

रंजुनी आली. तिशीची, रुंद खांद्यांची, वर्षभरात गालफडं वर आलेली. ज्ञानबालानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "खातेपिते दिसतेस छान. रंगाच्या हंड्यापाशी बस."

फणसाच्या खोडाच्या गाभ्याचा रंग उकळत होता. रात्रभर रंजुनीनं त्यात सूत बुडवलं, काठीनं उचललं, पिळलं, निखाऱ्यांवर धरून वाळवलं. दोघीतिघींनी पाळी बदलू म्हटलं, तर ज्ञानबाला म्हणाली, "राहू द्या. तिला पाण्यात माणसं बुडवायची सवय आहे, सूत काय जड नाही." दोघीचौघी हसल्या. हसल्यावर त्यांना बरं वाटलं नाही, पण हसल्या. पहाटेपर्यंत रंजुनीची बोटं लालभडक होऊन सुजली आणि अंगठ्याला फोड आला. तिनं फोड दातानं फोडला आणि पुढची लड उचलली.

उजाडल्यावर ताणे लागले. कमरेला पट्टा बांधून, पाय लांब करून, बायका सहा मागांवर बसल्या. ज्ञानबालानं रंजुनीला आपल्या बरोबर समोरचा माग दिला. त्या सुजल्या बोटांनी धोटा धरताना तिचा चेहरा कसा होतो, हे बघायचं होतं म्हणून नव्हे, असं ती कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती. पण तिला कोण विचारणार?

सुरुवातीला थट्टाच चालली.

"काय गं फुलरानी," म्हातारी चंद्रबी चरख्यामागून म्हणाली, "नवरा घोरतो म्हणून माहेरी गेलीस म्हणे. खरंच घोरतो?"

"घोरतो नानू. पण माहेरी गेले ते त्याच्या आईचा आंबवलेल्या मासळीचा सिदोल खाऊन पोट बिघडलं म्हणून."

"आणि तुझ्या हातचा?"

"माझ्या हातचा तर मीही खात नाही."

सगळ्या खिदळल्या. ज्ञानबालाही हसली. हसता हसता तिनं धोटा टाकला, फळीनं बाणा ठोकला, आणि आवाज न चढवता म्हणाली, "आता माझा एक प्रश्न. रंजुनी, त्या संध्याकाळी माझ्या मुलाला तू काय म्हणालीस?"

नुसती चंद्रबीच्या चरख्याची कुरकुर राहिली, मग तीही थांबली.

रंजुनीनं मान वर केली नाही. धोटा डावीकडून उजवीकडे गेला.

"ऐकू आलं नाही?" ज्ञानबाला म्हणाली. "वर्षभर तोंडात मूग धरून बसलीस. आज गप्प बसलीस तर या सगळ्या काय समजायचं ते समजतील. त्याच्या नावाचं चीवर आहे. त्याच्या सुतावर हात ठेवून सांग."

"मा, नका विचारू," रंजुनी म्हणाली.

"का? लाज वाटते?"

"मला नाही वाटत."

"मग बोल की! जिभेला काय फोड आलाय?"

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "सांगून टाक गं बाई एकदाचं." मग दुसरी म्हणाली, मग तिसरी. माणसं जमली की दगड मारायला पहिला हात लागतो, पुढचे आपोआप येतात. बायका चांगल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी रंजुनीच्या पाठीवरचे वळ डोळ्यांनी पाहिले होते, तिला हळदीचा लेपही लावला होता. पण या घडीला त्यांना उत्तर हवं होतं.

रंजुनीनं धोटा मांडीवर ठेवला.

"तो पिऊन आला होता. भात गार होता म्हणून त्यानं ताट भिरकावलं. मग दाराचा अडसर उचलला. मी चुलीजवळचा कोयता घेतला आणि म्हटलं, आज हात लावलास तर रात्री झोपेत तुझी मान कापीन. खरंच कापली असती. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं. पहिल्यांदाच घाबरला. म्हणाला, मग मी कुठे जाऊ? मी म्हटलं, तुझ्या आईकडे जा. तिनं तुला असा केला, तीच सांभाळेल."

फुलरानीनं तोंडावर हात ठेवला.

"ऐकलंत?" ज्ञानबाला म्हणाली. आनंद तिच्या अंगात मावेना. तो आनंद होता, त्याला दुसरं नाव नाही. एक वर्ष छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून दुसरीच्या छातीवर ठेवावा तसं तिला झालं. "ऐकलंत सगळ्यांनी? कोयता दाखवून घराबाहेर काढला माझ्या लेकराला. दारू प्यायलेल्या माणसाला, रात्रीच्या पाण्यात. खुनी आहे ही. आणि वर मला नावं ठेवते."

"हो," रंजुनी म्हणाली. "मी काढला बाहेर. ते माझ्या माथ्यावर. ते मी नाकारत नाही." तिनं पहिल्यांदा मान वर करून समोर पाहिलं. "मी खरं सांगितलं, मा. आता माझी पाळी विचारायची. तो तुमच्याकडे आला होता का?"

इथे ज्ञानबालाच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. त्या रात्री तिच्या दारावर तीनदा थाप पडली होती. आठवडाभर आधी तिनं घाटावर सगळ्यांदेखत शपथ घेतली होती, की यापुढे पिऊन आला तर दार उघडणार नाही, भिजू दे, उपाशी मरू दे. थाप पडली तेव्हा ती जागी होती. पांघरूण डोक्यावर ओढून ती स्वतःशी म्हणाली, घराच्या मचाणाखाली डुक्कर खांबाला पाठ घासतंय. मग 'मा' अशी एक हाक आली. डुक्कर 'मा' म्हणत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मग शिडी उतरण्याचा आवाज, मग वल्ह्याचा, मग काही नाही. दुसऱ्या दिवशी जाळ्यातून त्याला काढलं, आणि त्या घडीपासून ती डुकरावर ठाम राहिली. वर्षभर इतकी ठाम राहिली, की कधी कधी तिला खरंच डुक्कर आठवायचं. सुनेच्या तोंडून सगळं वदवून घेतलं की डुक्कर कायमचं डुक्कर होईल, एवढ्यासाठीच तर हा घाट घातला होता. प्रश्न उलटून आपल्याकडे येईल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. सतरा वर्षांत कधी आला नव्हता.

तीस बायका तिच्याकडे बघत होत्या. समोर मुलाचं चीवर होतं, हातभर विणायचं राहिलेलं.

गप्प बसता आलं असतं. पण सगळ्यांनी कबुली धरली असती. खरं सांगता आलं असतं. चीवर निर्मळ राहिलं असतं, मुलाला पोचलं असतं, आणि तिला संध्याकाळपासून गावात तोंड काढायला जागा उरली नसती. दार न उघडणारी आई. आजच्या पोरांनी मोठं होऊनही तेच सांगितलं असतं.

"नाही," ज्ञानबाला म्हणाली. "आला नाही."

रंजुनीनं तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि धोटा उचलला.

"मधेच बुडला म्हणायचा, बिचारा," चंद्रबी म्हणाली आणि चरखा पुन्हा कुरकुरू लागला.

ज्ञानबालाची नजर ताण्यावर होती. धागा तुटला नाही. एकही तुटला नाही. कापड नेहमीसारखंच पुढे सरकत राहिलं, उलट जरा जास्तच सफाईनं. ती मनात हिशेब करू लागली. आपण बोललो तेव्हा आपला धोटा मांडीवर होता, सुतात नव्हता, म्हणजे मोजायचं की नाही? आपल्या मागावरचं कापड तर जवळपास संपलं होतं. आणि 'आला नाही' म्हणजे आत आला नाही. आत कुठे आला? दाराशीच तर होता. असं करत करत तिनं दहाला कापड उतरवलं. सहा तुकडे जोडून, कापून, पुन्हा शिवून दोनच्या आत चीवर तयार झालं. एक तास आधी! गावाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. बायकांनी ज्ञानबालाचे हात हातात घेतले. फुलरानी म्हणाली, "नानू, मुलाचं नशीब थोर."

रंजुनीशी कोणी बोललं नाही. दुपार होण्याआधी सगळ्या जेवल्या तेव्हा ती खांबाला टेकून एकटी बिनीच्या चिकट तांदळाचा भात खात होती. 'खुनी' हा शब्द तोवर विहाराच्या अंगणात पोचून परतही आला होता.

तीनला भंते सुमनज्योती आसनावर बसले. चीवर परातीत घालून ते सगळ्या गावाच्या हातांतून फिरलं आणि शेवटी ज्ञानबालाच्या डोक्यावर आलं. चीवर स्वीकारण्याआधी भंते मागघराच्या मुख्य बाईला एक प्रश्न विचारत. सतरा वर्षं तिनं त्याचं उत्तर पाठ केल्यासारखं दिलं होतं.

"उपासिके, चीवर निर्मळ आहे?"

भंते म्हातारे होते, त्यांची नजर कमी झाली होती, पण ती सरळ होती. ज्ञानबालाला क्षणभर वाटलं, आता नाही म्हटलं तर? आता म्हटलं, की नाही भंते, माझ्या तोंडानं बाटलं, तर निदान हे उष्टं त्याच्या नावावर जाणार नाही. परात डोक्यावर जड झाली. मागे पाचशे माणसं हात जोडून उभी होती.

"निर्मळ आहे, भंते."

साधू, साधू, साधू, असा गजर झाला. भंतेंनी चीवर घेतलं. मग तिनं तांब्यातून पाण्याची धार धरली, मुलाचं नाव घेतलं, आणि पुण्य त्याला अर्पण केलं. धार तिला हवी तशी, न तुटता पडली. तिला रडू आलं, आणि बायकांनी तिला सावरलं. कारबारी सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या वर्षीही मागघर तुमच्याकडेच, नानू. तुमच्यासारखी दुसरी नाही."

घाटावर होड्या निघत होत्या. रंजुनी आपल्या होडीत सामान ठेवत होती. ज्ञानबाला तिच्याकडे गेली. का गेली ते तिलाच कळलं नाही. बहुधा जिंकलेल्या माणसाला हरलेल्याकडे एकदा जवळून बघावंसं वाटतं.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली. "आता या काठावर पाय ठेवू नकोस."

"नाही ठेवणार," रंजुनी म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला आणि लाल बॅटरी काढून सासूच्या हातात ठेवली.

बुडाशी दातानं चावल्याची खूण होती. लहानपणी दात येताना हाताला लागेल ते तो चावायचा, ही त्यानंतरची. पण खूण त्याचीच. प्यायला की बॅटरी दातात धरून तो शिडी चढायचा.

"दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला शोधायला आले होते," रंजुनी म्हणाली. "तुम्ही उठायच्या आधी. तुमच्या शिडीच्या वरच्या पायरीवर होती. दाराला लागून."

ज्ञानबालानं मागे वळून कोणी ऐकतंय का ते पाहिलं. "मला वाटलं... मला वाटलं, डुक्कर आहे."

"असेल."

"तुला माहीत होतं, तर मागघरात दाखवायची होतीस! सगळ्यांसमोर. मी खरं बोलले असते."

"म्हणून तर नाही दाखवली," रंजुनी म्हणाली. "खरं बोलला असतात तर तुमचं पुण्य पोचलं असतं त्याला."

वल्हं तिनं उचललं. आवाज चढला नव्हता. वर्षभर घोटून घोटून ठेवलेलं ती एकेक काढून ठेवत होती. "वैशाखात मी भंतेंना विचारून घेतलं. एक जण खोटं बोलली तर सगळ्यांचं चीवर बाटतं का? भंते म्हणाले, नाही. गावाचं गावाला लाभतं. फक्त जी खोटं बोलते तिच्या हातून काही पोचत नाही, कितीही पाणी ओता. मी रात्रभर सूत रंगवलं, मी खरं बोलले, मला तुम्ही खुनी केलंत तरी बोलले. माझं पोचलं त्याला. मारणाऱ्या नवऱ्याला माझं पोचलं, मा. तुमचं नाही."

"रंजुनी..."

"तुम्ही विचारलं नसतं, तर मीही विचारलं नसतं. सकाळी म्हटलं होतं ना, नका विचारू."

होडी सुटली. हातभर पाणी मधे आलं, मग दोन हात.

"नवे सेल घातलेत त्यात," रंजुनी वल्हं मारता मारता म्हणाली. "रात्री कोणी दार वाजवलं, तर उजेड पाडून बघा. डुक्कर आहे की माणूस."

मागून बायकांनी हाक मारली, "नानू, चला ना, भंते बोलायला लागले, देशना सुरू झाली!" ज्ञानबालानं बॅटरी कमरेच्या कापडात खोचली. ती आत कशी लपवायची हे तिला सुचेना. बारीक अंगावर ती कुठूनही दिसत होती. मग फुलरानी जवळ आली आणि म्हणाली, "हे काय आहे, नानू?"

चीवर देऊन झालं असलं तरी शील संध्याकाळी सुटायचं होतं.

"काही नाही," ज्ञानबाला म्हणाली आणि तिच्याबरोबर देशनेला गेली.